बेळगावात राहायचं, पण कुठल्या बेळगावात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात आई-वडिलांना घेऊन नाशिकहून स्वतःच्या गाडीनं येताय, तीन रात्री मुक्काम, जुनं गाव बघायचंय, एक दिवस हलशी-कित्तूर करायचंय आणि वडिलांचे गुडघे दुखतात. तर बसस्टँडजवळ राहावं, कॅम्पात की टिळकवाडीत?

टिळकवाडीत राहा. का ते सांगते. पटलं नाही तर दुसरं ठरवायला तुम्ही मोकळे.

माझं माहेर रामलिंगखिंड गल्लीत, शाळा कॅम्पात, सासर शहापुरात, आणि आता बरीच वर्षं हिंदवाडीत राहते. नकाशात हे सगळं वीतभर दिसतं. रिक्षानं कुठूनही कुठे दहा-पंधरा मिनिटं, त्यामुळे अंतराची काळजी सोडा. पण ही मुळात वेगवेगळी गावं आहेत. गल्ल्यांचं बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातलं, कॅम्प लष्कराचा, आणि शहापूर १९४८ पर्यंत सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानातलं. माझ्या आजेसासूबाई खडेबाजारातून सुई-दोरा आणायला निघाल्या तरी "बेळगावला जाऊन येते" म्हणायच्या. अंतर किती, तर मैलभर!

आणि खडेबाजारही दोन आहेत हो, एक बेळगावचा, एक शहापूरचा. माझ्या नणंदेच्या लग्नाला कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्यांनी स्टेशनवर रिक्षात बसून नुसतं "खडेबाजार" सांगितलं. रिक्षावाल्यानं त्यांना बेळगावच्या खडेबाजारात नेऊन उतरवलं, आणि मंडळी सामान घेऊन अर्धा तास आमचं घर शोधत होती. घर शहापुरात! त्यामुळे बुकिंग करताना पत्त्यात पुढे 'शहापूर' आहे का ते बघून घ्या. शहापुरात एरवी उतरायला फारशी सोय नाही, पण तिथून खासबाग-वडगावकडे विणकरांची वस्ती आहे. आईंना साड्यांची आवड असेल तर एक दुपार तिकडे काढा.

आता गल्ल्या. तुम्ही एकटे असता तर मी डोळे झाकून गणपत गल्ली, मारुती गल्ली, समादेवी गल्ली या पट्ट्यातलं एखादं जुनं लॉज सांगितलं असतं. गाव कळतं ते तिथंच, आणि तेही सकाळी सात वाजता. आमच्या माहेरी पाण्याची पाळी असली की पहाटेच दारादारातून मोटरीची घरघर सुरू व्हायची, आई लुगड्याचा ओचा खोचून नळीचं तोंड एका पिंपातून दुसऱ्यात टाकत ओरडायची, "आलं बघ पाणी, ऊठ की गं!" रांगोळी, दुधाचे कॅन, कुणाच्या तरी माडीवरचा रेडिओ, समोरच्या दुकानाची फळी उघडल्याचा आवाज. हे हॉटेलच्या खिडकीतून दिसत नाही, त्यासाठी गल्लीतच असावं लागतं.

पण तुमच्या वडिलांना घेऊन नको. जुन्या लॉजांना बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही, जिने उभे आणि अरुंद. गाडीचं तर विचारूच नका. खडेबाजारात दिवसा गाडी घातलीत तर पार्किंग सोडा, वळवायला जागा मिळणार नाही. गल्ल्या बघायच्या त्या गाडी बाहेर ठेवून, सकाळी, पायी. रिसालदार गल्लीही त्यातच उरका. १८९२ साली विवेकानंद बेळगावला आले तेव्हा तिथं भाटे वकिलांकडे उतरले होते. तिथून कपिलेश्वराचं देऊळ, मग पोटपूजा.

बसस्टँडचा भाग स्वस्त आणि सोयीचा, एसटीनं येणाऱ्याला ठीकच. किल्लाही तिथून जवळ. पण झोपेचं काय? माझा मामा एकदा तिथल्या एका लॉजवर उतरला होता. सकाळी आला तो डोळे लाल करून. रात्रभर खिडकीखाली कंडक्टर धारवाड-हुबळीच्या नावानं ओरडत होते म्हणे. स्वस्त खोली घेतली तर मागच्या बाजूची मागा.

किल्ला मात्र चुकवू नका. तुम्ही महामार्गावरून काकतीच्या बाजूनं गावात शिराल, तेव्हा तळं आणि खंदक वाटेतच लागतात. आत कमल बस्ती म्हणजे जैन देऊळ आहे, रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ सालचं. मंडपाच्या छतातून दगडी कमळ उलटं लोंबतंय, तिथं मान वर करून उभं राहायचं. वडिलांना बसायला सोबत काहीतरी ठेवा. किल्ल्याच्या आत लष्कराचाही भाग आहे, त्यामुळे फोटो काढण्याआधी पाटी वाचा.

कॅम्पाबद्दल माझा जीव जरा अडकलेला आहे, शाळा तिथली म्हणून. १८३२ ची छावणी. रुंद रस्ते, मोठी झाडं, जुने बंगले, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. फिरायला गावात याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि स्टेशनही लागूनच. रात्री मात्र लवकर सामसूम होते. जेवून नऊनंतर पाय मोकळे करायला निघालात तर सोबतीला कुत्री तेवढी असतील. वेंगुर्ले रोडनं आंबोलीकडे जाणार असता तर मी कॅम्पच म्हटलं असतं.

तुम्ही जाणार हलशीला, म्हणजे खानापूर रोड. टिळकवाडीतून निघालात की उद्यमबागमार्गे थेट त्या रस्त्याला लागता, गाव ओलांडावं लागत नाही. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी, तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ निवांत बघण्याजोगं आहे. वाटेत नंदगड, जिथं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिलं. तिथून बिडीमार्गे कित्तूर गाठता येतं, आणि राणी चन्नम्माचा किल्ला बघून महामार्गानं परत. उलट फिरलात तरी चालेल, पण खेड्यांतले रस्ते उजेडात झालेले बरे.

टिळकवाडीत इतिहास नाही असंही नाही. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथंच झालं. गांधीजी अध्यक्ष झाले ते एकदाच, ते इथलं. त्यावेळी पाण्यासाठी खणलेली विहीर अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणतात, आणि तो रस्ता काँग्रेस रोड. बाकी सपाट रस्ते, बऱ्यापैकी नवी हॉटेलं, लिफ्ट, गाडी लावायला जागा, आरपीडी कॉर्नरला खाण्यापिण्याची सोय. वैताग एकच, रेल्वे गेटं. पहिलं, दुसरं, तिसरं, अशीच नावं आहेत त्यांची, आणि तुम्ही घाईत असाल तेव्हाच पुढ्यात दांडा खाली येतो. इंजिन बंद करायचं आणि बसायचं. हॉटेल गेटाच्या कुठल्या बाजूला आहे ते आधीच विचारलंत तर दिवसातून दोनदा तरी हा वेळ वाचेल.

डिसेंबर म्हणालात म्हणून एक महत्त्वाचं. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावात भरतं ते साधारण याच दिवसांत. हलग्याजवळ सुवर्णसौध म्हणजे इथलं विधानभवन आहे, २०१२ साली झालेलं. अधिवेशन असलं की आमदार, सचिव, पोलीस, पत्रकार, सगळ्यांना खोल्या लागतात. दर चढतात, आणि चांगल्या हॉटेलात जागा मिळणं मुश्कील. कित्तूरहून परतताना सुवर्णसौध महामार्गावरच लागतं, मोर्चा असेल तर तिथं अडकाल. तारखा बघूनच बुकिंग करा. अधिवेशनात सापडलातच तर नातेवाईक शोधा, बेळगावात कुणाचं तरी कुणीतरी असतंच.

भाषेची काळजी नको. पाट्या कन्नडमध्ये दिसतील, पण गल्ल्यांत, टिळकवाडीत, शहापुरात मराठी बिनधास्त बोला. नेहरूनगर, महांतेशनगरकडे कन्नड जास्त, तरी अडत नाही. बुकिंगच्या साइटवर 'बेळगावी' घालून शोधा, २०१४ पासून सरकारी नाव ते आहे. रिक्षावाल्याला मात्र चौकांची नवीन नावं सांगू नका, जुनीच 'बोगारवेस', 'गोवावेस' म्हणा, लगेच कळतं. मीटर टाकतील ही आशा ठेवू नका, बसायच्या आधी पैसे ठरवा.

स्वेटर आणा. गाव अडीच हजार फुटांवर आहे, डिसेंबरात पहाटे चांगलंच गारठतं. आणि हॉटेलात फोन कराल तेव्हा गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं ते विचारा, गुडघ्यांना लागेल.