खाटेशेजारची सोनोग्राफी पुरेशी असते का?

प्रश्न : वडील आयसीयूत असताना अचानक धाप लागून रक्तदाब कोसळला. फुप्फुसात गुठळी असल्याची शंका होती, तरी सीटी न करता खाटेवरच सोनोग्राफी करून औषध सुरू केलं. हे बरोबर होतं का?

उत्तर : हो. गुठळी प्रत्यक्ष दाखवणारी खात्रीची तपासणी सीटी अँजिओग्राफीच, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन. पण रक्तदाब टिकत नसलेल्या रुग्णाला सीटीपर्यंत नेणं जिवावर बेतू शकतं. अशा वेळी मी आधी सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवते. हृदयाचा उजवा कप्पा एरवी डाव्यापेक्षा लहान असतो. मोठ्या गुठळीने फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताची वाट अडली की तो फुगतो आणि मधला पडदा डावीकडे ढकलला जातो. हे स्क्रीनवर दिसलं की माझे हात भराभर चालू लागतात. अशी गुठळी बहुधा पायातल्या शिरेतून येते, म्हणून मग जांघेतली आणि गुडघ्यामागची शीर प्रोबने दाबून पाहते. निरोगी शीर दाबली की पूर्ण मिटते. मिटली नाही तर आत गुठळी. धाप एवढी असून फुप्फुसं बरीचशी स्वच्छ दिसली, तर शंका आणखी बळावते.

मात्र जुन्या फुप्फुसविकारातही उजवा कप्पा फुगलेला असतो, आणि लहान गुठळीत हृदय अगदी नॉर्मल दिसू शकतं. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर मी सीटीचाच आग्रह धरते. वडिलांचा रक्तदाब आता सावरला असेल, तर सीटी कधी करणार हे डॉक्टरांना जरूर विचारा.