एक सर्व्हर बंद केला, तर दुसराही का रीबूट होतो?

प्रश्न : ऑफिसात प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) दोन सर्व्हर आहेत, प्रत्येकी ३२ जीबी रॅम. दोघांचा क्लस्टर (एकत्र चालणारा गट) करून टॅलीचं व्हर्च्युअल मशीन आणि डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) कंटेनर (व्हर्च्युअल मशीनचा हलका पर्याय) एचएमध्ये (एक सर्व्हर पडला की दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी सोय) टाकला. चाचणी म्हणून एका सर्व्हरची विजेची वायर काढली, तर मिनिटभरात दुसराही आपोआप रीबूट झाला आणि सगळंच बंद पडलं. चूक कुठे? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : बिघाड काहीच नाही, कोरम नाही. सोसायटीच्या सभेसारखंच आहे. दोन मतांच्या क्लस्टरला कोरम दोनचा लागतो. एक नोड (क्लस्टरमधला सर्व्हर) गेला की उरलेल्याकडे एकच मत. शेजारचा नोड खरंच मेला, की मधली वायर तुटली, हे त्याला कळायला मार्ग नसतो. दोघांनीही एकाच वेळी टॅली चालू केली तर डेटाचे दोन वेगवेगळे अवतार तयार होतील. म्हणून एचएची मशीन चालवणारा नोड कोरम गमावला की ६० सेकंदांत वॉचडॉगकडून (ठरल्या वेळेत हजेरी मिळाली नाही तर मशीन रीसेट करणारा टायमर) स्वतःलाच रीसेट करून घेतो.

उपाय म्हणजे तिसरं मत. त्यासाठी तिसरा सर्व्हर नको. डेबियन चालवणारा रास्पबेरी पाय किंवा जुना पीसी पुरतो. कोरोसिंक म्हणजे नोडना एकमेकांशी बोलतं ठेवून मतं मोजणारा प्रोग्राम. पायवर त्याचं ‘कोरोसिंक-क्यूनेटडी’ पॅकेज टाका, दोन्ही नोडवर ‘कोरोसिंक-क्यूडिव्हाइस’. मग एका नोडवरून ‘पीव्हीईसीएम क्यूडिव्हाइस सेटअप’ ही कमांड पायच्या आयपीसह चालवा. सेटअपपुरतं पायवर रूटला एसएसएच लॉगिन चालू लागतं, टीसीपी ५४०३ पोर्ट मात्र कायम उघडा लागतो. नंतर ‘पीव्हीईसीएम स्टेटस’मध्ये एकूण मतं ३ आणि कोरम २ दिसला पाहिजे. हा पाय याच क्लस्टरमधलं व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवायचा मोह टाळा. ज्याच्यासाठी पंच नेमला, त्याच्याच घरी त्याला ठेवण्यासारखं ते होईल.

दुसरी कच्ची जागा स्विच. तो बंद पडला की दोन्ही नोड एकमेकांना आणि पायलाही मुकतात, मग दोघंही रीबूट. दोन नोडच्या मोकळ्या नेटवर्क पोर्टमध्ये एक थेट केबल टाका, वेगळा सबनेट द्या आणि कोरोसिंकची दुसरी लिंक म्हणून ती नोंदवा. कोरोसिंकच्या कॉन्फिग फाइलची प्रत काढून त्यात बदल करा, ‘कॉन्फिग व्हर्जन’ एकने वाढवा, मगच ती मूळ जागी ठेवा. आकडा वाढवायचं हमखास राहतं. हे करण्याआधी एचएमधून मशीन काढून घ्या आणि दोन्ही नोडचा एलआरएम (त्या नोडवर एचएची मशीन चालू-बंद करणारी सेवा) ‘आयडल’ दिसेपर्यंत थांबा, नाहीतर हात चुकला की पुन्हा रीबूट. रात्रीचा बॅकअप याच केबलवरून नेऊ नका. कोरोसिंकला ५ मिलिसेकंदांच्या आतला प्रतिसाद लागतो. बॅकअपने लाइन तुंबली की नोड विनाकारण ‘मेलेला’ ठरतो.

आणि हो, पाय आणि स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत. सर्व्हरला यूपीएस आणि स्विच भिंतीच्या सॉकेटला, हे दृश्य फार ऑफिसांत दिसतं.

प्रश्न : मग नोड गेला तरी टॅली न थांबता चालू राहील ना?

उत्तर : नाही. मेलेल्या नोडच्या रॅममधलं काहीच वाचत नाही. मशीन दुसऱ्या नोडवर नव्याने बूट होतं. बिघाड ओळखून ते सुरू व्हायला साधारण दोन मिनिटं, वर विंडोज उघडायचा वेळ.

खरा प्रश्न डिस्कचा आहे. सामायिक स्टोरेज नसेल तर दोन्हीकडे एकाच नावाचा झेडएफएस पूल (डिस्कवरची साठवण) करून रेप्लिकेशन (ठरावीक वेळाने दुसऱ्या नोडवर प्रत पाठवणं) लावा. डिफॉल्ट दर १५ मिनिटांचा असतो, तो १ मिनिटापर्यंत खाली आणता येतो. शेवटच्या रेप्लिकेशननंतरच्या नोंदी मात्र जातातच. टॅलीसाठी १५ मिनिटं आम्ही ठेवणार नाही. एनएएसवर (नेटवर्कला जोडलेली वेगळी डिस्कपेटी) डिस्क ठेवली तर ही तूट नाही, पण एनएएस बंद पडला की दोन्ही नोड रिकामे. सेफला (अनेक नोडवर पसरलेलं स्टोरेज) किमान तीन नोड लागतात, तुमच्यासाठी तो विषय नाही.

रॅमचाही हिशेब करा. एकाच नोडवर सगळं मावलं पाहिजे. दोन्हीकडच्या मशीनची बेरीज २६ जीबीच्या वर नेऊ नका, उरलेलं प्रॉक्समॉक्स आणि झेडएफएसला लागतं. सीडी ड्राइव्हमध्ये त्या नोडच्या लोकल स्टोरेजवरची आयएसओ (सीडीची फाइल) लावलेली राहिली, तर दुसरीकडे मशीन सुरूच होत नाही. अशाने ते ‘एरर’ अवस्थेत गेलं, तर आयएसओ काढा, स्थिती आधी ‘डिसेबल्ड’ आणि मग ‘स्टार्टेड’ करा.

प्रश्न : अपडेटच्या वेळी कंटेनर चालू असताना हलवता येतो का?

उत्तर : व्हर्च्युअल मशीन येतं, एलएक्ससी कंटेनर नाही. तो थांबवून, हलवून पुन्हा सुरू केला जातो. डीएनएसला ते काही सेकंदही खुपत असतील, तर दुसऱ्या नोडवर दुसरा डीएनएस कंटेनर कायमचा चालू ठेवा आणि राउटरमध्ये दोन्ही पत्ते द्या. अपडेटआधी नोड मेंटेनन्स मोडमध्ये टाका, एचएची मशीन आपोआप पलीकडे जातील. दोन सर्व्हरचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असतील तर मशीनचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ ठेवू नका, ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ निवडा. नाहीतर चालत्या मशीनला हलवताना ते पलीकडे पोहोचून कोसळू शकतं.