करमाफी उद्योगाला, खड्डा पंचायतीच्या तिजोरीला

आमच्या गावाला लागून औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांची घरपट्टी पंचायतीची. मग ती माफ करणारा कायदा पर्वरीत, गोव्याच्या विधानसभेत, आम्हांला न विचारता कसा होऊ शकतो? (एक पंच, सासष्टी)

होऊ शकतो. जमीन आणि इमारती यांवरचा कर राज्यघटनेच्या राज्य सूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत, ४९ व्या क्रमांकावर आहे. कर बसवण्याचा अधिकार पंचायतीला विधानसभेच्या कायद्यातून मिळतो. अनुच्छेद २४३-एच तेच सांगतो आणि गोव्यात तो अधिकार १९९४ च्या पंचायत राज कायद्याने दिला आहे. ज्याने दिला, त्याला तो कमीही करता येतो. मात्र नुसत्या घोषणेने किंवा भाषणाने पट्टी माफ होत नाही, त्याला कायद्याचा आधार लागतो. कारखानदाराने वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं म्हणून वसुली थांबवू नका.

गुंतवणूक करताना दहा वर्षं सूट मिळेल असं लेखी आश्वासन होतं. आता बिल आलं. दाद मागता येईल का? (लघुउद्योजक, कुंडई)

येईल, पण कागद तपासा. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली उत्तर प्रदेश सरकारला विक्रीकर माफीचा शब्द पाळायला लावला, कारण त्या शब्दावर विसंबून कंपनीने कारखाना उभारला होता. त्याच निकालात दोन मर्यादाही आहेत: मोठं लोकहित आड आलं तर सरकारची सुटका होऊ शकते, आणि विधिमंडळाला कायदा करण्यापासून अशा आश्वासनाने रोखता येत नाही. म्हणून आश्वासन कोणी दिलं, त्याला तो अधिकार होता का आणि पैसे तुम्ही त्यानंतर गुंतवले का, हे आधी वकिलाला दाखवा.

लुईझियानात अशी माफी वर्षानुवर्षं चालते असं वाचलं. तिथल्या लोकांनी काय केलं? (वाचक, डिचोली)

ते उदाहरण आपल्या आमदारांनी जरूर अभ्यासावं. अमेरिकेतल्या त्या राज्यात १९३० च्या दशकापासून कारखान्याच्या इमारती आणि यंत्रं यांवरचा स्थानिक कर राज्याचं मंडळ माफ करत आलं. पैसे जात होते शाळांचे आणि स्थानिक कारभाराचे. निर्णय मात्र राजधानीत. २०१६ मध्ये गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी आदेश काढून स्थानिक संस्थांची संमती आणि नोकऱ्यांची अट घातली. २०२४ मध्ये पुढच्या गव्हर्नरांनी नव्या आदेशाने नोकऱ्यांची अट काढून टाकली. आदेशाने आलेलं संरक्षण आदेशानेच गेलं. मला यातून कळतं ते एवढंच की गावाची संमती कायद्याच्या कलमातच हवी.

तिथली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अमेरिकेत सरकारी हिशेबांचे निकष ठरवणाऱ्या मंडळाने २०१५ मध्ये नियम केला की करमाफीमुळे किती महसूल बुडाला, हे स्थानिक संस्थांनी वार्षिक हिशेबात दाखवावं. दुसऱ्या सरकारने दिलेल्या माफीचा फटकाही त्यात येतो. आपल्याकडे माफ झालेली रक्कम कुठल्याच रकान्यात दिसली नाही, तर ग्रामसभेत तिच्याबद्दल विचारणार कोण?

मग पंचायतीने मागायचं काय? (सरपंच, फोंडा तालुका)

भरपाई. समजा एका कारखान्याची वर्षाची पट्टी २ लाख आहे. दहा वर्षांची माफी म्हणजे २० लाख, आणि या काळात त्याचे ट्रक तुमच्याच रस्त्यावरून जाणार, कचरा तुमच्याच हद्दीत पडणार. राज्याला उद्योग वाढवायचा आहे, तर वाढवावा. कारखान्याच्या उत्पादनावरच्या जीएसटीत राज्याचा वाटा असू शकतो, पंचायतीला तसा थेट वाटा नाही. अनुच्छेद २४३-एच मध्येच राज्याच्या एकत्रित निधीतून पंचायतींना अनुदान देण्याची सोय आहे. तिच्यावर बोट ठेवा.

ग्रामसभेत ठराव घ्या: माफीला शेवटची तारीख असावी, अटी मोडल्या तर थकबाकीसह वसुली व्हावी, बुडालेली पट्टी राज्याने दरवर्षी भरून द्यावी. ठरावाची एक प्रत आमदारांना आणि एक राज्य वित्त आयोगाला पाठवा. कर आणि अनुदानं यांची वाटणी कशी असावी, याची शिफारस तोच आयोग करतो. आणि आकारणीचं रजिस्टर माफीच्या काळातही दरवर्षी अद्ययावत ठेवा. नोंद नसेल तर भरपाईचा आकडा कशावरून सांगणार?