टिरोल दोन तुकड्यांत का आहे आणि तिथलं राजकारण कशावर चालतं?

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रियाच्या नकाशात टिरोल राज्य दोन तुकड्यांत का दिसतं, आणि एवढ्याशा डोंगराळ राज्यात राजकारण करायला असतं तरी काय. मी काही काळ टिरोलच्या राजधानीत, इन्सब्रुकला शिकायला होतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा जास्तच बोलेन.

तुकडे पडले ते पहिल्या महायुद्धानंतर. १९१९च्या तहात ब्रेनर खिंडीच्या दक्षिणेचा टिरोल इटलीकडे गेला. उत्तरेला इन नदीचं खोरं आणि पूर्वेला लिएंझचा जिल्हा ऑस्ट्रियात राहिला. मधला दुवा मात्र परदेशात. आजही इन्सब्रुकहून लिएंझला जायचं तर एकतर ब्रेनरवरून इटलीत उतरून पुन्हा ऑस्ट्रियात शिरायचं, नाहीतर शेजारच्या साल्झबुर्ग राज्यातून फेल्बरटाउअर्न बोगद्याने जायचं. हा बोगदा १९६७ साली खुला झाला. नाझी काळात तर लिएंझचा भाग सरळ शेजारच्या कॅरिंथिया राज्याला जोडून टाकला होता, तो १९४७ मध्ये परत मिळाला. (युंगहोल्त्स नावाचं टिरोलचं गाव याहून मजेशीर आहे: चहूबाजूंनी जर्मनी, आणि उरलेल्या ऑस्ट्रियाशी संबंध फक्त एका डोंगराच्या माथ्यावरच्या एका बिंदूपुरता!)

आता राजकारण. १९४५ पासून इथला मुख्यमंत्री, म्हणजे लांडेसहाउप्टमान, कायम ओएफाउपे या पुराणमतवादी पक्षाचाच. २०२२च्या निवडणुकीत मात्र हा पक्ष ३५ टक्क्यांच्याही खाली आला, ३६ पैकी १४ जागा मिळाल्या, आणि त्यांचे नेते आंटोन माटले यांना सोशल डेमोक्रॅट्सना सोबत घेऊन सरकार बनवावं लागलं. पण माझ्या मते पक्ष नंतर, आधी रस्ता. टिरोलमध्ये राहण्याजोगी जमीन जेमतेम १२ टक्के. माणसं, शेतं, हॉटेलं, रेल्वे आणि महामार्ग सगळं त्याच अरुंद खोऱ्यांत कोंबलेलं. ब्रेनर ही जर्मनीहून इटलीला जायच्या वाटेवरची, आल्प्समधली त्यातल्या त्यात सखल खिंड, साधारण १,३७० मीटर. स्वित्झर्लंडमध्ये ट्रकांवर कर जबर, म्हणून तिकडून जाऊ शकणारे कितीतरी ट्रक वळसा घालून इकडे येतात. वर्षाला वीस लाखांहून जास्त! हिवाळ्यात थंड हवा खोऱ्यात अडकून बसते आणि धूरही तिच्याबरोबर.

ऑस्ट्रिया संघराज्य असलं तरी बरेचसे अधिकार व्हिएन्नाकडे आहेत, आणि राज्यांचं वरिष्ठ सभागृह बहुतेक कायदे फार तर लांबवू शकतं. पण हवेच्या प्रदूषणाविरुद्धच्या केंद्रीय कायद्याखाली वाहतुकीवर बंदी घालायचा हुकूम लांडेसहाउप्टमानच काढतो. तो त्याचा हुकमी एक्का. रात्री ट्रकबंदी, रेल्वेने जाऊ शकेल अशा ठरावीक मालाला बंदी, आणि गर्दीच्या दिवशी जर्मनीला लागून असलेल्या कुफ्श्टाइनच्या सीमेवर तासाला मोजकेच ट्रक आत सोडणं. मग रांग पलीकडे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात जाते आणि शिव्याही तिकडूनच येतात. इटलीने तर २०२४ मध्ये ऑस्ट्रियाला युरोपीय न्यायालयात खेचलं. घरच्या मतदारांसमोर याचा कुठल्याही मुख्यमंत्र्याला तोटा होत नाही, हे सांगायला नको.

त्यात खिंडीजवळचा महामार्गावरचा लुएग पूल जुना झालाय. २०२५च्या सुरुवातीपासून त्यावर एरवी दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका चालू असते. गर्दीच्या दिवशी दुसरी उघडतात, पण अवजड ट्रकांना आतल्या, डाव्या बाजूने जायला लावतात, म्हणजे पुलाच्या कडेवर भार नको. ग्रीस अम ब्रेनर गावाला नवा पूल नको होता, बोगदा हवा होता. त्यांचं कोणी ऐकलं नाही.

सगळ्यांची भिस्त आहे ती ५५ किलोमीटरच्या ब्रेनर रेल्वे बोगद्यावर, जो २०३२ मध्ये सुरू व्हायचा आहे. पण बव्हेरियातला त्याचा जोडमार्ग अजून वादातच अडकलाय. तिथल्या गावकऱ्यांनाही आपल्या शेतातून रूळ नकोत. त्यामुळे बोगदा झाला तरी ट्रकबंदी लगेच उठेल असं मला वाटत नाही.