हरित इमारतीचा दाखला: सुरुवात कधी करावी?

प्रश्न: चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात आमच्या संस्थेला 900 चौरस मीटरची शाळा बांधायची आहे. हरित प्रमाणपत्रासाठी काय करावे?

उत्तर: 2500 चौरस मीटरहून लहान इमारतींसाठी ‘गृह’ (GRIHA) या हरित इमारतींना गुण देणाऱ्या भारतीय मानांकनाची ‘स्वगृह’ ही सोपी पद्धत आहे. नोंदणी मात्र नकाशे पक्के होण्याआधीच करावी, कारण इमारतीची दिशा आणि पश्चिमेकडच्या खिडक्या मागाहून बदलता येत नाहीत, आणि पारा 45 अंशांवर गेला की मुलांना झळ लागते ती तिथूनच. खोदकामापूर्वी वरची सुपीक माती वेगळी काढून ताडपत्रीने झाका. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र जवळ असल्याने राखेच्या विटांचा विचार अवश्य करा. मालाच्या प्रत्येक खेपेचे बिल आणि तारखेचे छायाचित्र त्याच दिवशी फाइलला लावा. काम चांगले होऊनही कागदांअभावी गुण गेलेले मी पाहिले आहेत.