जास्त पगारासाठी कुवेतला जाणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का? आमच्या चर्चचे पाळक म्हणतात बायबलमधलं १ तीमथ्य ६:६ वाच आणि आहे त्यात समाधानी राहा.

खरंतर असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही, पण ६:६ चं नाव निघालं की माझं डोकं फिरतं, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

तुमच्या पाळकांना विचारा, ६:५ वर शेवटचा उपदेश कधी केलात? "चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे" हे वचन हवेतून पडलेलं नाही, त्याच्या लगेच आधी हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल चिडलाय तो भक्तीला कमाईचं साधन समजणाऱ्यांवर. म्हणजे झापलंय देवाच्या नावावर पैसा करणाऱ्या शिक्षकांना, आणि आपल्याकडे ते वचन ऐकवतात पगार मागणाऱ्याला.

आमचं घर नगर जिल्ह्यातलं, पणजोबांपासून ख्रिस्ती. आई मिशनच्या दवाखान्यात सिस्टर होती. मिशनरी गेले, बाहेरून येणारा पैसा आटला, दवाखाना ट्रस्टकडे आला. पेशंट कमी, देणी जास्त, हे सगळं मला समजतं, पण थकायचा तो आयाबायांचा, वॉर्डबॉयचा आणि सिस्टर लोकांचाच पगार, महिनोन्महिने. ट्रस्टच्या जीपला डिझेल मात्र कधी कमी पडलं नाही. आणि ट्रस्टचे सेक्रेटरी कोण, तर माझे सख्खे मोठे पप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते कंपाउंडातल्या जुन्या बंगल्यात राहायचे आणि त्यांचा मुलगा तेव्हा डोनेशन भरून इंजिनिअरिंगला गेला होता. यात बेकायदेशीर काही नव्हतं म्हणा, पण दिसायचं ना सगळ्यांना.

आईने सगळ्यांच्या सह्या घेऊन, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घेऊन, अर्ज दिला. अर्जाला उत्तर आलं ते सकाळच्या प्रार्थनेत. मिशनच्या दवाखान्यात ड्युटी सुरू व्हायच्या आधी चॅपलमध्ये सगळे जमतात, रोज कोणीतरी वचन घेतं, त्या दिवशी मोठे पप्पा स्वतः उभे राहिले. माझी शाळेला सुट्टी होती म्हणून मी पण आईबरोबर गेले होते. त्यांनी ६:६ वाचलं, मग ६:८, अन्नवस्त्र असलं की तेवढ्यात तृप्त असावं. आणि वर लूक ३ काढलं, बाप्तिस्मा करणारा योहान शिपायांना सांगतो की आपल्या पगारात तृप्त राहा. अर्जाचा उल्लेखसुद्धा नाही, पण बघत होते ते आईकडेच.

आई युनिफॉर्ममध्ये बसल्या जागेवरून म्हणाली, भाऊजी, एक पान मागे जा, ५:१८ वाचा. ते म्हणाले, आजचा विषय तो नाही. मग तिने स्वतःच वाचलं. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी बांधू नको आणि मजुराला त्याची मजुरी मिळायलाच पाहिजे. तेच पत्र, तोच तीमथ्य, फक्त एक अध्याय आधी. मागच्या बाकावरची एक म्हातारी आया, जिला वाचता येत नव्हतं, ती मोठ्याने म्हणाली, "म्हंजी बैल बरा की मग!" आणि अख्खं चॅपल हसलं. मोठ्या पप्पांनी त्या आयाबाईला आणि आईला कधी माफ केलं नाही.

बरं, त्या लूक ३ चं सांगते. ते शिपाई हातात शस्त्र असलेले लोक होते, आणि योहान त्यांना सांगतोय की लोकांवर जुलूम करू नका, खोटे आरोप करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला दिलेली ती तंबी आहे. ती झाडूवालीला लावायची?

पुढे आईने लेबर ऑफिसला अर्ज केला. मग १ करिंथ ६ निघालं, भावाने भावावर फिर्याद करू नये. त्याच अध्यायात आठव्या वचनात पौल म्हणतो की तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता आणि तेही आपल्याच भावांना. पण उपदेश सातव्या वचनापर्यंतच यायचा, कारण तिथे "त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही" असं आहे. थकलेले पैसे शेवटी हप्त्याहप्त्याने आले, सगळे नाही. आई महिला मंडळाची चिटणीस होती, पुढच्या निवडणुकीत तिचं नावच कोणी सुचवलं नाही. आणि घरी प्रत्येक नाताळला मोठे पप्पा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण द्यायचे, की बघा, टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, देवावर भरवसा ठेवला, आणि आपले लोक चार पैशांसाठी सरकारी ऑफिसच्या पायऱ्या चढतात. अहो, टिळकांनी स्वतःचा पगार सोडला! आयाबाईचा नाही अडवला. आणि स्वतःचा सोडला तेव्हाही घर कसं चालतं ते त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना विचारायला हवं होतं.

गंमत म्हणजे आईइतकं समाधानी माणूस मी बघितलेलं नाही. चर्चला नेसायच्या साड्या मोजक्या, सोनं नावाला. हार्वेस्टच्या रविवारी लोकांनी आणलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव होतो ना, त्यात ही एखाद्या गरिबाने आणलेल्या नारळावर एवढी बोली लावायची की वडील डोक्याला हात लावायचे. चर्चला द्यायचा दशमांश कधी चुकला नाही, पगार थकलेला असताना उसने घेऊन दिलाय. म्हणजे जिला "असमाधानी" म्हणून शिक्का मारला तिला पैशाची हाव नव्हतीच, तिला हिशोब हवा होता. अनुवादाच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात तर सूर्य मावळायच्या आत मजुरी द्या म्हटलंय, आणि याकोब ५ मध्ये अडवलेली मजुरी ओरडते आणि देव ते ऐकतो. या वचनांवर मी आजपर्यंत एकही ट्रस्टी बोलताना ऐकलेला नाही.

आता तुमचं कुवेत. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. शिकलोय म्हणतो, म्हणजे त्यालाही ते आयतं आलं नव्हतं, आणि लिहितोय बेड्यांत असताना. पण तोच पौल तंबू शिवून पोट भरत होता, गावोगाव फिरत होता, आणि त्याच अध्यायात फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोच आनंदाने देतोय. समाधान म्हणजे हलायचं नाही असं कुठे आहे? पुण्यात कमी पगारावर बसून शेजाऱ्याच्या गाडीकडे बघत जळणारा माणूस समाधानी नाही आणि कुवेतला ओव्हरटाइम करून बहिणीच्या शिक्षणाला पैसे पाठवणारा लोभी नाही. जायचं असेल तर जा.

पण ६:९-१० पण खरं आहे, पैशाचा लोभ सगळ्या प्रकारच्या वाईटाचं मूळ आहे, ते मी नाकारत नाही. आमच्याच मंडळीत दोन वर्षांसाठी म्हणून गल्फला गेलेले, मग घर, मग फ्लॅट, मग दुसरा फ्लॅट करत केस पांढरे झालेले लोक आहेत, पोरं आजीने वाढवली. किती झालं की परत यायचं, हे जाण्याआधी बायकोसमोर कागदावर लिहून ठेवा. एजंट परवानाधारक आहे का ते तपासा. तिथे सुट्टी शुक्रवारी असते, कुवेत शहरात नॅशनल इव्हँजेलिकल चर्चच्या आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या भरतात, त्यामुळे उपासना बुडेल ही सबब पाळकांना देऊ देऊ नका. आणि बीज पेरा, दुप्पट मिळेल म्हणणाऱ्या टीव्हीवरच्या प्रचारकांना तिथून पैसे पाठवू नका, ६:५ त्यांच्यासाठीच आहे.

अजून एक, कोणीतरी म्हणेलच म्हणून आधीच लिहिते. सहावा अध्याय सुरूच होतो गुलामांनी धन्याचा मान राखावा इथून, आणि ते वचन मला आजही नीट पचत नाही. मोठे पप्पा ते पण काढायचे. पण मग अध्याय तसाच पुढे ६:१७-१८ पर्यंत वाचा, तिथे श्रीमंतांना ताकीद आहे, गर्व करू नका, परोपकारी व्हा, सढळ हाताने द्या.

चुलत भाऊ हे उत्तर मोठ्या पप्पांना वाचून दाखवेल याची मला खात्री आहे. त्यांनी खाली जरूर लिहावं, पण यावेळी ५:१८ पासून सुरुवात करावी.