बाळ झालं, मग आजीनं देवपूजा का थांबवली?

चिऊ,

रविवारी फोनवर तू आजीला विचारलंस आणि आम्ही मोठी माणसं गप्प झालो. मामीला बाळ झालं, पेढे वाटले, मग आजी देवपूजा का करत नाही? वर म्हणालीस, "पणजोबा मेले तेव्हा पण नव्हती केली. बाळ झालं म्हणजे वाईट झालं का?" आजी "अगं, सोयर आहे" एवढंच बोलली आणि विषय डिंकाच्या लाडवांवर गेला. तुला आता मराठी वाचता येतं, म्हणून लिहूनच सांगते.

वाईट काहीच झालेलं नाही. घरात कुणी जन्मलं की सोयर येतं, कुणी वारलं की सुतक. दोन्ही दहा दिवसांची. दोन्हींत देवाला हात लावायचा नाही, देवळात जायचं नाही, सणवार करायचे नाहीत. मला ते नाही, कारण लग्नानंतर मुलीचं गोत्र बदललं असं धरतात. (हे मला फारसं पटत नाही. बाळ माझ्या सख्ख्या भावाचं आहे!) जुन्या बायका याला विटाळ म्हणतात. तो शब्द मी आपल्या घरात येऊ देणार नाही.

ते दहा दिवस मात्र मला आवडतात. वाईला आत्ता मामी आतल्या खोलीत आहे. तेल लावून अंघोळ, शेक, ओवा-बाळंतशोपेची धुरी, अळिवाची खीर. तिनं उठून कुणाला चहासुद्धा करायचा नाही. पणजोबा गेले तेव्हा पहिल्या दिवशी आजीच्या घरात गॅस पेटला नाही, पिठलं-भात शेजारून आला. माणसं येऊन नुसती बसायची. नेहमीची कामं बाजूला ठेवून घर एकाच माणसाभोवती बसतं, मग तो माणूस नुकता आलेला असो की नुकता गेलेला. तेवढे दिवस देवसुद्धा थांबतो, असं मी समजते.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नकोस. तू इथे जर्मनीत झालीस तेव्हा पहिले दहा दिवस सुईण, तुमची ती हेबामे, रोज घरी यायची. पैसे विम्यातून. "वोखनबेट आहे, म्हणजे बाळंतिणीचे विश्रांतीचे दिवस, अंथरुणातून उठू नका," म्हणायची. तिकडून आजी फोनवर तेच ओरडत होती. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी माझ्याविरुद्ध दोघींची युती होती.

आता तुझं 'मेले'. ते ऐकून आजी दचकली ना? तुझं चुकलं नाही, पण मराठीत आपल्या माणसाला कुणी मेला म्हणत नाही. वारले म्हणतात, गेले म्हणतात. म्हणून एरवी आपल्याला जाणं हा शब्दच नकोसा वाटतो. आजी फोन ठेवताना "जाते" म्हणते का कधी? "येते" म्हणते. बांगडी फुटली तर "वाढवली", दिवा विझवायचा तर "शांत करा".

गोड शब्दांनी लहान मुलांची फसगत होते, ती मात्र मी भोगली आहे. माझी आजी गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला सांगितलं, देवाघरी गेली. मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला. आजी परत दे, मग बाहेर काढते, असा माझा हिशेब. चौथ्या दिवशी भात लावताना काकूच्या मुठीत तो आला. कुणी रागावलं नाही, पण खरं काय तेही कुणी सांगितलं नाही. मी कितीतरी दिवस दार वाजलं की पळत जायचे.

म्हणून तुला सरळ सांगते. पणजोबांचं वय ब्याण्णव होतं. शरीर थकलं, हृदय थांबलं, श्वास थांबला. त्यानंतर माणसाला दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. अग्नी दिला तेव्हाही त्यांना काही कळलं नाही. ते परत येणार नाहीत. ते झोपलेले नव्हते, त्यामुळे झोपायला घाबरू नकोस.

दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर भाताचा पिंड ठेवला. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा उरली नाही, असं मानतात. कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. मग एकेक जण मोठ्यानं बोलायला लागला. पणजीला सांभाळू. आंब्याचं झाड तोडणार नाही. शेवटी मामा म्हणाला, "आबा, तुमचा रेडिओ भंगारात देणार नाही." तरी कावळा आला नाही! भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. कावळ्याला काय कळतं मला माहीत नाही. पण आबांना काय काय हवं होतं, ते सगळ्यांना पाठ होतं हे त्या दिवशी कळलं. रेडिओ अजून आहे.

बाळाला अजून नाव नाही, सगळे त्याला बाळच म्हणतात. इथे तुझा जन्म आठवड्याच्या आत कचेरीत नोंदवायचा होता, म्हणून बाबा आधीच तुझं नाव लिहून आले आणि बारशाची गंमत गेली. वाईचं बारसं शनिवारी, बाराव्या दिवशी. कुणी वारलं तर मात्र बारावा म्हणजे गेलेल्या माणसाचा दिवस, पणजोबांचाही झाला होता. शब्द एकच, म्हणून फोनवर गोंधळू नकोस.

कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि बाळाची आत्या मी. मामा फोन पाळण्यात धरेल, मी इथून कुर्र करेन. त्या वेळी बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. इथे तू एकटीच आहेस, तेव्हा ते काम तुझं. साडेसातला उठ. आणि जरा हळू मार.

आई